अकरावं

सगुण मेस्ताच्या माळ्यावरून काल
अकरा बदकं खाली उतरवली.
पोत्यात होती, भाताच्या कोंड्यात,
पोटाशी शिशाची पट्टी अजून घट्ट.
जाळ्याचे मणी वितळवून ते शिसं मीच ओतायचो,
सात वर्षं त्याच्या हाताखाली होतो.

लाकूड पांगाऱ्याचं. उचलावं
तर काही उचललंच नाही असं वाटतं.
तो म्हणायचा, सागाचं बदक बुडत नाही,
पण पोलिसासारखं तरंगतं.
पांगारा पाण्याचं ऐकतो.

देवळाचे खांब, इगर्जीतले देवदूत,
दोन्हीकडे चाललेला हात;
बदकाच्या पंखावर मात्र त्याने एक पीस कोरलं नाही.
पाखरं वरून येतात, बाबा,
ती पिसं मोजत नाहीत,
कोण कसं बसलंय ते बघतात.

म्हणून कुणी शेवाळ चाळणारं,
कुणी चोच पाठीत खुपसून झोपलेलं.
दिव्याची काजळी, कावेची लाली,
भुवईला शिंपल्यांच्या चुन्याची रेघ, एका दमात.
झोपलेल्याचे पैसे जास्त.
त्याच्यावर विश्वास लवकर बसतो.

दोतोर लाझार पहाटे होडीतून ती मांडायचा
करमळीच्या तळ्यात, कमळांच्या अलीकडे,
आणि लव्हाळ्यात दबून राहायचा.
शीळ घालत अडयांचा थवा,
एक फेरी, दुसरी फेरी,
मग पाय पुढे सोडून...
दुपारी केळीच्या पानात एक जोडी
मेस्ताच्या दारात यायची.
आज सोमवार, म्हणायचा मेस्त.
मंगळवारीही सोमवारच म्हणायचा.

एका वर्षी दोतोराने आणखी एक मागितलं.
त्या हंगामात थवे आले, घिरटले,
आणि दिवाडीकडे निघून गेले.
दोतोराने होडीला हिरवा रंग दिला,
लिस्बनहून नवे छर्रे मागवले,
शेवटी मेस्ताच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला.
मेस्त रंधा उलटा धरून धार बघत होता.
पाण्यात खार वाढला असेल, म्हणाला.

काल नातीने सगळी फरशीवर मांडली,
एक बाजूला काढलं.
आजोबा, हे का घाबरलंय?

मान ताठ. चोच किंचित वर.
मी ते उलटं केलं.
ह्याचं शिसं मी ओतलेलं नव्हतं;
त्या दिवशी मला चहा आणायला पाठवलं होतं.
पट्टी बोटभर मागे सरकवलेली,
लाट आली तरी
मान खाली झुकू नये एवढी.