दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

वासू पेडणेकराने आधी डोक्यावरचा पंखा बंद केला,
मग सोन्याच्या काट्याचं काचेचं दार सरकवून
माझा ड्रोन आत ठेवला.
दोनशे एकोणपन्नास. वर दशांश तीन.
"घडणावळ किती लावू?" म्हणाला.

अडीचशेच्या आत आहे तोवर तो नॅनो.
वर गेला की दुसरं प्रकरण, दुसरा रकाना,
दुसरा अर्ज, आणि तो भरताना मध्येच मरणारी वेबसाइट.

घरी वनिताने त्याच्या एका पायाला
काळा दोरा बांधला, लाल मण्यासकट.
दोरा आणि मणी मिळून एक ग्रॅम, दोन दशांश.
मी तिला कायदा समजावला.
"कायद्यान दृष्ट उतारता काय?"
दोरा आता माझ्या मनगटावर आहे.
माझं वजन अजून कुणी विचारलेलं नाही.

काजूच्या फॅक्टरीत बॉयलर सांभाळून
पाचला सुटतो मी, सुरूंच्या बनात येतो,
मोबाईलवर नकाशा उघडतो:
हिरवं, पिवळं, लाल.
मागल्या महिन्यात समोरची टेकडी हिरवी होती,
आज अर्धी पिवळी.
टेकडी आहे तिथेच आहे, गवत तेवढंच,
म्हशीही त्याच.
कुणीतरी कुठेतरी बसून कंपास फिरवला असेल.

नकाशा हो म्हणाला तर यंत्र म्हणतं, थांब,
नवीन सॉफ्टवेअर आलंय.
रेंजची एकच काडी. सूर्य किती उरलाय
ते कुणी बघत नाही.

काही गोष्टी मात्र कुठल्याच अपडेटमध्ये आल्या नाहीत:
खारा वारा मोटरच्या बेअरिंगमध्ये कसा मुक्कामाला येतो,
आणि घरट्यात पिल्लं असताना घार अंगावर आली
तर खाली पळायचं नाही,
सरळ वर जायचं.
पुतण्या साईश म्हणतो,
काका, तुमचं मॉडेल तीन पिढ्या जुनं.
तीन पिढ्या म्हणजे पाच वर्षं.

रविवारी बाबल गिरप आला, रापणीवरचा.
"वयर धाड मा. तारली खंय हा ती बघ."
धाडला.
पडद्यावर नुसतं पाणी, मग पाण्यात एक डाग,
ढगाची सावली पडावी तसा,
पण आभाळात ढग नव्हता.
डाग सरकत होता, खडकांच्या पलीकडे.
आठ-दहा डोकी माझ्या मोबाईलवर वाकली,
"फुडे ने रे, आजून फुडे!"

आणि नियम म्हणतो, यंत्र दिसत राहिलं पाहिजे.
पडद्यावर नव्हे. डोळ्यांना.

मी मान वर केली.
कितीतरी महिन्यांनी केली असेल.
होता तो, मोहरीएवढा.
मग नव्हता. मग होता.
त्याच्या अलीकडून बगळ्यांची रांग
शिरोड्याकडे चालली होती, पाय मागे सोडून,
कसलाच नंबर नसलेली.
मी उडवतो, उडवतो म्हणत
इतके दिवस वाळूकडे बघत होतो.

परत बोलावला.
बाबल वाळूत थुंकला.
"सरकारी मानूस झालंस रे तू."
मग होडी सुटली, नेहमीच्याच अंदाजाने,
पाण्याचा रंग बघत, पाखरं कुठे बुडी मारतात ते बघत.

काळोख पडल्यावर तोच दारात.
केळीच्या पानात दोन बांगडे.
"तारली नाय गावली. ह्ये गावले."
बसला नाही, पाणीही प्याला नाही.

वनिता विळीवर त्यांची डोकी उडवते आहे.
वासूच्या काट्यावर ठेवले असते
तर अडीचशेच्या वर भरले असते, नक्की.
खिडकीत चार्जरचा दिवा लुकलुकतोय,
मोबाईल सांगतोय: बासष्ट टक्के झालं,
कृपया यंत्र बंद करू नका.