शिल्लक एक

सगळ्यात जास्त काय खपतं,
नवा शिपाई विचारतो, पंख्याखाली टोपी काढून.
मे महिना. सदरच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय,
कूलरमधला वाळा कधीचा कोरडा पडलाय.
मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवते.
वाच भाऊ, सगळं आहे यात,
फक्त आवाज नाही.

पॉइंट टू-टू. बोटाच्या पेराएवढं.
क्लबच्या परवान्यावर जातं, पन्नासची डबी, पुन्हा पन्नासची.
मानकापूरच्या रेंजवरची आश्लेषा उईके
डब्याच्या पिशवीत कागदी लक्ष्य घेऊन येते दाखवायला,
मधोमध एकच भोक, जरा फाटलेलं.
पाच गोळ्या गेल्यात मावशी इथून, म्हणते,
आणि बाबांच्या ऑटोचा हॉर्न वाजला की पळते.

तीनशे पंधरा. आपल्याच कारखान्यातलं,
जाडसर, भोळं, सांगितल्या कामाचं.
काटोलचे संत्रेवाले नेतात रानडुकराच्या नावाने.
लग्नसराई उलटली की पुंगळ्या परत आणतात मोजून द्यायला,
त्यांना बारुदाबरोबर अत्तराचाही वास असतो.
मी मोजते. विचारत नाही.

थर्टी-ओ-सिक्स. सव्वाशे वर्षांचं होत आलं,
जन्मसाल नावातच घेऊन फिरतं.
काउंटरवर कोपर टेकून त्याच्याबद्दल बोलणारे पुष्कळ,
खांद्याला झेपणारे दोन.
त्यातला एक आता मुलीकडे पुण्याला असतो.

आणि हे, तीनशे पंचाहत्तर मॅग्नम.
कमरेला पितळी पट्टा, अंगाने एखाद्या जमादारासारखं.
वाघासाठी, गव्यासाठी.
बहात्तर साली कायदा आला
आणि एका रात्रीत बेकार झालं बिचारं.
शोकेसमध्ये रिकामी डबी ठेवलीय फक्त,
लहान मुलं काचेला नाक लावतात.

याचं रजिस्टरात एकच पान उरलं होतं.
यादवराव निखाडे, सर्व्हेअर, मनसरची मँगनीज खाण.
अडुसष्ट साली घेतली दहा.
वापरली नऊ.
शिल्लक एक.
त्याखाली दर नूतनीकरणाला तेच अक्षर,
आधी सासऱ्यांचं, मग यांचं, मग माझं,
शिल्लक एक, शिल्लक एक.
निवडणूक आली की रायफल गिट्टीखदान ठाण्यात जमा,
सोबत ते एकटं काडतूस, पावतीसकट.
निकाल लागला की घरी.
किती सरकारं पडलेली पाहिली असतील त्याने,
एकही स्वतः न पाडता.

मी एकदा विचारलं होतं, दहावं का राहिलं.
चहा बशीत ओतत म्हणाले,
लोकांना सांगतो, दया आली.
तुला खरं सांगतो, खोकला आला.
पाणवठ्यावर समोर उभा होता, चाळीस पावलांवर,
मला खोकला आला, तो गेला.
मग स्वतःच हसले, बशी हिंदकळली,
बिलबुकावर डाग पडला. अजून आहे.

गेल्या मंगळवारी सरजाबाई आल्या.
सोबत भाचा, त्याच्या खांद्यावर रायफल,
कागद झाले होते, जमा करून टाकायची होती.
काडतूस त्यांनी स्वतःच्या बटव्यातून काढलं,
सुपारी आणि अडकित्त्याच्या मधून.
पितळ काळवंडलेलं,
पट्ट्याच्या खाचेत कुंकू,
छप्पन्न खंडेनवम्यांचं, थरावर थर, घट्ट.
मी नखाने काढायला गेले. निघेना.

म्हटलं, काकू, त्यांना तेव्हा खोकला आला म्हणून हे वाचलं ना?
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.
यायले खोकला? बाप्पा!
जल्मात कधी आला नाई यायले खोकला.
खाणीतली धूळ खाल्ली तीस वर्षं, तरी नाई.
आणि पाणी मागितलं.

मग सगळ्यात जास्त टू-टू, शिपाई म्हणतो,
डायरीत लिहून घेतो, टोपी चढवतो.
हो, टू-टू.

तो गेल्यावर पान उघडलं.
शिल्लकच्या रकान्यात शून्य घातलं,
गोल, जरा मोठंच झालं.
पुढे शेरा म्हणून जागा असते, कधीच कोणी भरत नाही.
तिथे लिहिलं, खोकला.
मग खोडलं.

खोडलेलं वाचता येतं.