साडेआठशे वॅट

तापकीर गल्लीत स्कूटर लावायला जागा नाही,
म्हणून नदीपात्रात लावून चालत आलो.
केतकी पुढे, हातात वहीचं फाडलेलं पान.
त्यावर तीन महिन्यांची खाडाखोड:
प्रोसेसर दोनदा बदललेला, मदरबोर्ड चारदा,
रंगीत पंख्यांपुढे मात्र पेनानं काढलेलं फूल.
खाली बेरीज, एक लाख ब्याऐंशी हजार.

पैसे तिचे. दोन वर्षं रात्री जागून
कुठल्याशा परदेशी खेळासाठी
तलवारींच्या मुठी रंगवल्या तिनं.
आता तोच खेळ खेळायचाय,
सगळे दिवे लावून, न अडखळता.
मी नुसता सोबत.

दुकान दुसऱ्या मजल्यावर, जिना एका माणसापुरता.
उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची,
त्याच्या छातीशी मॉनिटर असतो.
काउंटरमागे खिंवसरा, चष्मा कपाळावर,
आणि इम्तियाज, जो न बघता फळीवरून खोकी काढतो.

आठ कोअर का सोळा,
बत्तीस जीबी का चौसष्ट,
हवेनं गार करायचं की पाणी फिरवून...
पाणी म्हटल्यावर मी कान दिला.
एकतीस वर्षं भोसरीत, टूल रूमला.
कूलंट संपलं की ड्रिल निळं पडतं,
तो वास अजून नाकात आहे.

"कार्ड तगडं आणि प्रोसेसर मवाळ घेतला,
तर कार्ड नुसतं बसून राहील," इम्तियाज म्हणाला.
आमच्याकडे एक रेडेकर होता.
त्याच्या मशीनपाशी जॉब तुंबायचे
आणि पुढची सगळी लाइन तंबाखू मळत उभी.

मग ग्राफिक्स कार्ड आलं.
तीन पंखे, वजन पुरणयंत्राएवढं, किंमत बहात्तर हजार.
खिंवसरांनी दोन्ही हातांनी दिलं,
केतकीनं दोन्ही हातांनी घेतलं,
दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही.

बेरीज फुगली.
पेन दातात धरून ती पानाकडे बघत राहिली.
"पॉवर सप्लाय साधा घेऊ. तो कुठे दिसतो?"

सकाळपासून मी पहिल्यांदा तोंड उघडलं.
दोन्ही खोकी मागून घेतली,
एक या तळहातावर, एक त्या.
हलकं होतं ते परत सरकवलं.
"बाबा, वजनावर काय घेताय, भाजी आहे का?"
इम्तियाज हसला, मग हळूच म्हणाला,
"काकांचं ऐका. साडेआठशे वॅट."

शहाण्णव साली एका रात्रपाळीत
स्वस्तातल्या स्टॅबिलायझरनं मशीनचं कार्ड जळलं.
तो मी निवडला नव्हता,
पण कागदावर सही माझीही होती.
हे तिला कधी सांगितलं नाही. तिथंही नाही.
फक्त म्हटलं, "हाच घे."
जरा जोरातच म्हटलं असावं,
खिंवसरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

तिनं पंख्यांवर रेघ मारली.
फुलावर नाही मारली.

कॅबिनेटला एका बाजूनं काच.
मागच्या सीटवर केतकी, मांडीवर ते, हनुवटी खोक्यावर.
दापोडीच्या पुढे मी इतकी हळू नेली
की एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं.
प्रत्येक गतिरोधकाआधी
ती माझ्या पाठीत बोट टोचायची.

रात्री दीडला बटण दाबलं. काळं.
पुन्हा दाबलं. काळं.
तिचा चेहरा मी बघितला नाही, केबली बघत बसलो.
मग तिनं मेमरीची पट्टी काढून परत बसवली,
अंगठ्यानं, नीट दोन्ही टोकांना,
टक्.
पडद्यावर अक्षरं, कोपऱ्यात चौतीस अंश.
चिंचवडमध्ये त्या वेळी जास्त असतील.

खेळ उतरायला वेळ होता,
म्हणून तिनं अर्धी रंगवलेली एक मूठ उघडली,
फिरवून फिरवून दाखवली.
मी चष्मा पुसून पाहिली.
"ही हातात फिरेल. पातं सुटेल एखाद्या वेळी.
इथे आडवी पिन हवी."
"खेळात नाही सुटत, बाबा."
"नसेल."

थोडा वेळ ती काही बोलली नाही.
मग तिनं तिथे एक बारीक पिन काढली
आणि विचारलं, पितळेची की पोलादाची.