सोडवणूक

रविवार पेठेतल्या सराफाच्या काउंटरवर
वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर त्याचा चष्मा.
खंडणी प्रकरणी तिघांना अटक.
मी उलटं वाचत उभा,
आणि तो आईच्या पाटल्या काट्यावर ठेवत होता.
साडेचार तोळे. घट वजा जाता चार.
मला घाई होती. कारण सांगत नाही,
गुरुवार पेठेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हाच शब्द आम्ही देवळात लहानपणापासून ऐकला:
त्यानं आपल्यासाठी खंडणी भरली.
संडेस्कूलमध्ये मी विचारलं होतं, कुणाला भरली?
मकासरेबाई म्हणाल्या, हात खाली कर, एलिशा.
प्रश्न तसाच राहिला. हात खाली आला
आणि पुढे पुष्कळ ठिकाणी पसरला.

सुवार्ता तेव्हा केईएममध्ये रात्रपाळी करायची.
पाटल्या तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या.
लग्न ठरलं, मोडलं. पाटल्यांमुळे नाही,
असं ती म्हणते.
ट्रंकेत रिकामी डबी सापडली त्या दिवशी
तिनं माझ्यापुढे भाकरी वाढली
आणि वांग्यात मीठ जास्त झालंय का, एवढंच विचारलं.
मी शिव्यांची वाट पाहत होतो.
शिव्या आल्या असत्या तर
हिशेब तिथंच मिटला असता.

तीन वर्षं दोन महिने,
दर दहा तारखेला, पायांत त्याच रबरी चपला,
ती व्याज भरून यायची. शेवटी मुद्दल.
मला पत्ता नाही. मी तेव्हा
स्वारगेटच्या मागे कुणाच्यातरी फळीवर झोपत होतो
आणि ती सराफाला सांगत होती,
मोडू नका हो,
त्यांना माणूस आहे.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती मला शोधत आली.
हातांत पाटल्या. एक जराशी चेपलेली.
मी पाटल्यांकडे पाहिलं, ती माझ्याकडे.
"चल," म्हणाली, "पंच हौदच्या घंटा सुरू झाल्या."
माफीचं भाषण मी कितीदा घोकलं होतं,
ते रिक्षाच्या फटफटीत
माझं मलाही ऐकू आलं नाही.

पाळकसाहेब सांगतात, तारण एकदाच झालं,
सर्वांसाठी, पुरतं.
मानतो मी.
पण सकाळी नाना पेठेत
स्पेअरपार्टच्या दुकानाचं शटर वर ढकलताना
मला ते रोज नव्यानं सांगावं लागतं
बोटांना, कोरड्या घशाला,
कोपऱ्यावरचं ते दार दिसताच
अजून अडखळणाऱ्या डाव्या पायाला.

पगार सुरू झाल्यावर
तिच्या डब्यात दरमहा पाचशे टाकू लागलो.
ती नको म्हणाली नाही.
मी मनात वजाबाकी करायचो:
इतके फिटले, इतके उरले.
एका ईस्टरला, भक्तीहून आल्यावर, विचारलं,
किती राहिले गं आता?
ती तांदूळ निवडत होती.
"ते होय? तळमजल्यावरच्या रखमा वाघोलेंचं
मंगळसूत्र अडकलं होतं, त्याच सराफाकडे.
ते सोडवलं त्यात."
"आणि माझं देणं?"
तिनं नखानं एक खडा बाजूला सारला.
"कसलं?"

मला राग आला, खरं सांगतो.
इतकी वर्षं जपलेलं कर्ज
कुणी न विचारता काढून घेतलं
की माणूस उघडा पडतो.
गॅलरीत जाऊन उभा राहिलो.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती काही सुरू होईना.

संध्याकाळी रखमा वाघोले जिना चढून आल्या,
पदराखाली वाटीभर कढी,
गळ्याशी काळे मणी.
माझं त्यांना काही माहीत नाही.
म्हणाल्या, मीठ बघा हो जरा, भाऊ.

मी हात पसरला, वाटी घेतली.
मीठ कमीच होतं.
सगळी प्यालो.