अर्धा ल

आधी वजनं उतरवली, शिशाची, दोन्ही.
मग लंबक. मग डोक्यावरची लाकडी टोपी.
काटे निघाले, मागच्या चार पिना ओढल्या,
आणि तबकडी हातात आली
झोपलेल्या म्हाताऱ्याचा चष्मा काढावा तशी.

चार कोपऱ्यांत चार ऋतू.
हिवाळ्याची बाई शेकोटीशी हात धरून बसलेली,
गुडघ्यापर्यंत तिचे पोपडे उडालेत.
कमानीत चंद्र, गालांवर लाली,
साडेएकोणतीस दिवस मोजून दमलेला.
मध्ये नाव : अँड्र्यू गिलफिलन, क्रीफ.

गिलफिल्लन हवं होतं.
चर्चच्या वहीत, कर्जाच्या कागदावर, थडग्यावर
सगळीकडे ल ला ल बिलगून आहे.
एडिंबरोच्या रंगाऱ्याने एकटाच सोडला.
दिवसाला सहा तबकड्या, आणि डिसेंबरात
उजेड तो केवढासा.

पेटी अँड्र्यूने केली नाही, ती टेलफर सुताराची.
चाकं ओतून आली, तबकडी गवतात गुंडाळून घोडागाडीने.
त्याचं स्वतःचं काय, तर कानस.
दातामागून दात घासत तो बसला
चाकाला चाकाचं बोलणं समजेपर्यंत.
आणि नाव. तेही दुसऱ्याच्या हातचं.

परत पाठवायची तर भाडं दोनदा.
घरात ग्रिझेलला सातवा महिना.
गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर,
तो म्हणाला, वेळ बरोबर दाखवतं ना?
मग नाव कोण वाचतंय.

आता ते डोंगरावर, बेथिया रटरफर्डच्या स्वयंपाकघरात,
मेंढ्यांच्या औषधाच्या बाटल्यांशेजारी.
शुक्रवारी थांबतं, ती म्हणाली. दर शुक्रवारी.
मी हसलो नाही.
रविवारी किल्ली दिली की वजन उतरत उतरत
शुक्रवारी लंबकाच्या शेजारी येतं,
आणि शेजारी झुलतोय म्हणून तेही झुलू लागतं.
पेटी जराशी डुगडुगती असली
की त्याचाच झोका चोरतं.

तबकडी उलटी केली.
पत्र्यावर माझ्या आधीच्यांची खरड :
साफ केलं, १८४६, बाहेर वादळ.
नवी तात घातली, डी. मकेल्व्ही.
पुन्हा थांबलं.
आणि सगळ्यांच्या खाली, सुईने, खोलवर,
नुसता ल.
पुढून जिथे तो नाही,
बरोबर त्याच्या पाठीमागे.

मी बराच वेळ दिवा धरून उभा होतो.
मग कोपऱ्यात तारीख कोरली, नाव नाही.
पेटी भिंतीला दोन स्क्रूंनी आवळली,
चहा घेतला, पैसे घेतले, उतरणीला लागलो.

शुक्रवारी रात्री बेथियाचा फोन.
चालतंय, म्हणाली.
मागे टोले पडत होते, तिने ते संपू दिले.
चालतंय, पण काय सांगू,
चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय.