एकोणिसावा

शिरपूर, मे महिना, सेहेचाळीस अंश.
बाटलीतलं ईथर न तापवताच उकळतं,
म्हणून सुकलाल पावरा रसवंतीतून बर्फ आणतो
गोणपाटात, आणि थोडा उसाचा वासही.

आई फोनवर विचारते, व्हयनं का तुन्हं औसद?
तिला अडकित्ता सांगितला:
विषाणू आधी एक लांबच लांब साखळी विणतो,
मग स्वतःच कातरतो; तुकडे पडले की वाढतो.
मी त्या पात्यांत अडकेल असा खडा घडवते.
ती म्हणाली, मंग त्याले सुपारीच दी दे ना.

हसले. आणि मग रात्रभर झोप नाही.
सुपारीच हवी. दिसायला सुपारी,
कातरताना दगड.

एकोणिसावा रेणू बसला.
पात्यातल्या गंधकाला असा बिलगला की सुटेना.
आठवड्यानं पुण्याहून कागद आला:
यकृताच्या अर्कात आयुष्य अकरा मिनिटं.

बोरसे सर काही बोलले नाहीत.
चहा निवला.
पेन्सिलीनं त्यांनी एक हायड्रोजन खोडला,
तिथे फ्लोरिन लिहिलं, बारीक अक्षरात,
हिशेबाच्या वहीत उधारी लिहावी तसं.

वीज गेली. फिरता फ्लास्क थांबला.
ताई, उद्या किती बर्फ?
दोन किलो, म्हणते.
नाही, थांब. चार.