कोणती नोंद ठेवू?

विजयदुर्गच्या धक्क्यावर रेंज नसते.
येते ती बर्फाच्या कारखान्यामागे, चौथ्या पायरीवर.
तिथे बसून मी 'अपडेट' दाबलं.

जुनी माहिती हलवत आहे. ॲप बंद करू नका.
एकोणतीस टक्के.
खाली क्रशरमध्ये लाद्या कडाकडा फुटतायत
आणि माझ्या मांडीवर तीन वर्षांची उधारी
घर बदलतेय.

"आधी सगळं कोरं दिसेल, घाबरू नका,"
सोसायटीच्या पोराने बजावलं होतं.
तरी घाबरले.
मोतीराम खालून ओरडला,
"गो शैला, माझी बाकी पण गेली मां?"
अख्खा धक्का हसला.

मग नावं उगवू लागली, उलटी:
कालची आधी, गेल्या शिमग्यातली मागाहून.
काही दोनदा.
एकीवर तारीख, १ जानेवारी १९७०.
तेव्हा माझ्या आईचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं.

शेवटी एक चौकट अडून बसली.
बाबल खवणेकर, होडी 'सातेरी', चाळीस लाद्या.
या फोनवर: शून्य.
सर्व्हरवर: चार हजार आठशे.
कोणती नोंद ठेवू?

ते शून्य मी टाकलं होतं
'सातेरी' खडकावर फुटली त्या संध्याकाळी,
इथेच धक्क्यावर, रेंजबाहेर.
कुणाला बोलले नव्हते. बाबललाही नाही.

हा बदल सर्वांना दिसेल.
बोट जरा थांबलं.
दिसू दे.

बॅटरी चार टक्के.
मोतीराम अजून विचारतोच आहे.
आहे रे बाबा, आहे तुझी बाकी.
दोनदा आहे.